‘सेट’ हा इंग्रजी शब्द एक आहे की अनेक?

प्रश्न : पानोपानी

नमस्कार. मी इंग्रजी गद्याचा मराठी अनुवाद करते आणि सध्या हाती असलेल्या एका प्रकरणात ‘सेट’ या शब्दाने मला जेरीस आणले आहे. शब्द अवघड आहे म्हणून नव्हे. उलट तो इतका सोपा वाटतो की त्याच्यासाठी कोश उघडायलाही संकोच वाटतो, आणि उघडला की नोंद पानामागून पान चालूच राहते. एकाच प्रकरणात सूर्य ‘सेट’ होतो, बाई खिडकीच्या कठड्यावर दिवा ‘सेट’ करते, डॉक्टर मोडलेले हाड ‘सेट’ करतो, गार पाऊस ‘सेट इन’ होतो, मुलगा घर सोडून जाण्यावर ‘सेट’ असतो आणि किल्ल्यांचा एक ‘सेट’ हरवतो. पुढे न्यायालय खालच्या न्यायालयाचा हुकूम ‘सेट असाइड’ करते. तिथे ‘हुकूम बाजूला ठेवला’ असे लिहिले, तर तो पुढे कधीतरी पुन्हा विचारात घेतला जाणार आहे असा वाचकाचा समज होईल, अशी मला शंका आहे.

मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हा खरोखर एकच शब्द आहे आणि त्याच्या मुळाशी असा एखादा अर्थ आहे का, की ज्यातून बाकीचे सगळे उलगडत जावेत. की दिसायला सारखे असलेले वेगवेगळे शब्द कालांतराने एकत्र आले आहेत? आणि दुसरे असे की, वाचताना नेमके कशाकडे पाहिले म्हणजे इथे कोणता अर्थ चालतो आहे हे ठरवता येते? अर्थांची यादी मला नको आहे, ती कोशात आहेच. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : धातुपाठ

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, मुळात हे दोन शब्द आहेत आणि ते पुढे एकमेकांत इतके मिसळले की आज इंग्रजी बोलणाऱ्यालाही त्यांचे वेगळेपण जाणवत नाही.

क्रियापद जुन्या इंग्रजीतल्या ‘सेट्टन’वरून आले आहे आणि त्याचा अर्थ ‘बसवणे’ असा होता. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे, अशी ही जोडी आहे. इंग्रजीत अशा जोड्या आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. ‘राइज’ म्हणजे उठणे, तर ‘रेझ’ म्हणजे उठवणे. ‘फॉल’ म्हणजे पडणे, तर ‘फेल’ म्हणजे झाड तोडून पाडणे. मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये, कारण पडणे–पाडणे, मरणे–मारणे, तुटणे–तोडणे यांत आपणही धातूतला स्वर बदलूनच अकर्मकाचे सकर्मक करतो. मागे जात जात हे मूळ संस्कृतातल्या ‘सद्’ धातूच्या घराण्याशी जाऊन मिळते. ‘सीदति’ म्हणजे बसतो आणि ‘सादयति’ म्हणजे बसवतो. ‘सिट’ आणि ‘सेट’ यांची ही सख्खी भावंडे आहेत. संसद, परिषद, सभासद, उपनिषद हे आपल्या रोजच्या ओळखीचे शब्दही त्याच कुळातले.

किल्ल्यांचा ‘सेट’ मात्र वेगळ्या वाटेने आला. समुच्चय या अर्थाचे हे नाम जुन्या फ्रेंचमधून आले असून त्याच्या मागे ‘सेक्टा’ हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ मागे चालणाऱ्यांचा समुदाय, पंथ. इंग्रजीतला ‘सेक्ट’ हा शब्दही त्यातूनच निघाला. या लॅटिन शब्दाच्या मुळाशी ‘अनुसरणे’ हा अर्थ आहे आणि त्याचा संस्कृतातला नातेवाईक म्हणजे ‘सच्’ हा धातू, ज्यावरून ‘सचिव’ हा शब्द झाला. सचिव म्हणजे मूळचा सोबती. थोडक्यात, क्रियापदाच्या सोयऱ्यांत संसद निघते आणि नामाच्या सोयऱ्यांत सचिव. हा योगायोग मला फार आवडतो. मात्र यावरून ‘सेट’ हे प्रत्येक नाम फ्रेंचमधून आले असे समजू नये. नाटकाचा सेट हे नाम क्रियापदावरूनच झाले आहे, कारण तो रंगमंचावर उभारलेला, बसवलेला असतो.

नोंद पानामागून पान चालते हे आपले निरीक्षण अगदी रास्त आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1989 साली निघाली, तेव्हा ‘सेट’ या एका क्रियापदाचे 430 अर्थ त्यात नोंदले होते आणि ती नोंद सुमारे 60,000 शब्दांची होती. पुढच्या सुधारणेत हा मान ‘रन’कडे गेला, 2011 मध्ये त्या क्रियापदाचे 645 अर्थ मोजले गेले. अशा आकड्यांनी फार दडपून जाऊ नये. संपादक अर्थांच्या किती बारीक फोडी करतो यावर तो आकडा पुष्कळसा अवलंबून असतो.

उत्तर : जुनाखिळा

धातुपाठ यांनी दिलेली माहिती मोलाची आहे, परंतु मूळ कळल्याने अनुवाद सुटतो असे मला वाटत नाही. ‘बसवणे’ हा अर्थ मनात धरून ‘मुलगा घर सोडण्यावर सेट होता’ या वाक्याशी कितीही झटापट केली तरी हाती काही लागणार नाही. पानोपानीताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, ‘सेट’कडे पाहूच नका, त्याच्या कर्माकडे पाहा, आणि त्या कर्माशी मराठीत कोणते क्रियापद आपसूक येते ते आठवा.

हाड असेल तर आपण ते बसवतो, अंगठीतला खडाही बसवतो. गजर असेल तर लावतो, सापळा लावतो, आग लावतो, गीताला चाल लावतो. जेवणाचे टेबल मांडतो, तारीख ठरवतो, परीक्षेचा पेपर काढतो, उदाहरण घालून देतो, कुत्रा अंगावर सोडतो, बंदिवानाला मोकळे करतो. इंग्रजी या सगळ्यांना एकाच क्रियापदावर निभावून नेते आणि आपल्याला प्रत्येक ठिकाणी वेगळे क्रियापद लागते. म्हणून ‘सेट’चा अर्थ शोधण्यापेक्षा जोडीचा अर्थ शोधावा. दिवा कठड्यावर ‘सेट’ केला, तर मराठीत तो नुसता ठेवला. तिथे फार खोल जाण्याचे कारण नाही.

तरीही या सगळ्या जोड्यांत काही समान नाही असे मी म्हणणार नाही. ‘पुट’शी तुलना केली की ते दिसते. ‘पुट द क्लॉक ऑन द शेल्फ’ म्हणजे घड्याळ फळीवर ठेवले. ‘सेट द क्लॉक’ म्हणजे घड्याळ लावले, काटे योग्य वेळेवर आणले आणि ते आता आपले आपण बरोबर वेळ दाखवणार आहे. ‘पुट’मध्ये वस्तूची फक्त जागा बदलते. ‘सेट’मध्ये वस्तू अशा स्थितीत येते की हात काढून घेतला तरी ती तशीच राहावी किंवा तिचे काम तिने पुढे करत राहावे. सापळा लावणारा निघून जातो आणि सापळा आपले काम करतो. बसवलेले हाड पुढे आपोआप जुळत जाते. ‘हे ऐकून मी विचारात पडलो’ याला इंग्रजीत ‘इट सेट मी थिंकिंग’ म्हणतात, तिथेही हीच कल्पना आहे. एकदा चालना मिळाली की विचार पुढे आपले आपण चालू राहतात.

आपल्याला इंग्रजीचे हे वागणे विचित्र वाटत असेल, तर मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाच्या जागी बसून ‘लावणे’ या क्रियापदाकडे पाहावे. दिवा लावणे म्हणजे पेटवणे, दार लावणे म्हणजे बंद करणे, झाड लावणे म्हणजे रोवणे, रंग लावणे म्हणजे फासणे. शिवाय पैज लावणे, वेड लावणे, जीव लावणे, वाट लावणे आहेच. आपण यांतला एकही अर्थ कधी पाठ केलेला नाही. ‘सेट’च्या सर्वांत जवळ जाणारे मराठी क्रियापद मला विचाराल तर ते ‘लावणे’ आहे, आणि ‘लावणे’ जमले नाही तर ‘बसवणे’ करून पाहावे. या दोहोंत निम्मे काम होते.

आता ‘सेट इन’. हे रूप सहसा नकोशा आणि लवकर न हटणाऱ्या गोष्टींसाठी येते: थंडी, कुज, जंतुसंसर्ग, निराशा, मंदी. आनंद ‘सेट इन’ झाल्याचे सहसा वाचायला मिळत नाही. त्यामुळे नुसते ‘पाऊस सुरू झाला’ म्हटल्याने अर्धा अर्थ गळून पडतो. ‘पावसाची झड लागली’ म्हणा. त्यात सुरू होणेही आले आणि मुक्काम ठोकणेही आले.

माझे आयुष्य छपाईच्या धंद्यात गेले, म्हणून दोन शब्द त्याबद्दल. ‘टाइपसेटिंग’ला आम्ही खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवणे म्हणत असू. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायचे साधन, धरायची, उजव्या हाताने केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीच्या, खणातून शिशाचा एकेक खिळा उचलून उलट्या अक्षराने लावत जायचा आणि ओळ भरत आली की मध्ये कोऱ्या पट्ट्या घालून ती इतकी घट्ट करायची की स्टिक कलती केली तरी एकही खिळा ढळू नये. ओळ ‘सेट’ झाली म्हणजे काय, हे त्या घट्टपणात कळते. दोन ओळींमध्ये जास्तीची पट्टी न घालता मजकूर जुळवला तर त्याला ‘सेट सॉलिड’ म्हणत, आणि पडद्यावर पाने लावणारे लोक आजही तो शब्द वापरतात. असाच एक शब्द सुतारकामात आहे. करवतीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, त्या वाकवण्याला करवतीचा ‘सेट’ म्हणतात. त्यामुळे काप पात्याच्या जाडीपेक्षा थोडा रुंद पडतो आणि पाते लाकडात अडकत नाही. अशा शब्दांना एका शब्दाचा प्रतिशब्द शोधत बसू नये. दात वाकवलेले आहेत असे सरळ लिहावे.

उत्तर : ओलाकाँक्रीट

जुनाखिळा यांच्या उत्तराला एक छोटी पुरवणी. सिमेंटच्या संदर्भात ‘सेट होणे’ आणि ‘कठीण होणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अनुवादात त्यांची हमखास गल्लत होते. पाणी घातल्यावर सिमेंटचा लगदा काही काळाने आपला ओलसर लवचीकपणा सोडतो आणि दिलेला आकार धरतो, ते ‘सेटिंग’. त्यानंतर त्याला बळकटी येत जाते, ते ‘हार्डनिंग’. बळकटीची प्रक्रिया पुष्कळ दिवस चालते आणि काँक्रीटची ताकद रूढ पद्धतीने 28 दिवसांनी मोजतात, तर सेटिंग हा तासांचा मामला असतो. प्रयोगशाळेत विकाटच्या उपकरणाने ते पाहतात. ठरावीक वजनाची बारीक सुई लगद्यात सोडत राहायचे. सुरुवातीला ती थेट तळाला टेकते, नंतर तळाच्या थोडे वरच अडकू लागते, आणि शेवटी पृष्ठभागावर जेमतेम खूण उमटवून थांबते. अडकू लागली की पहिले सेटिंग झाले, नुसती खूण उमटली की शेवटचे. म्हणून ‘द सिमेंट हॅज सेट’ याचे भाषांतर ‘सिमेंट कडक झाले’ असे न करता ‘सिमेंटने आकार धरला’ किंवा ‘सिमेंट आवळले’ असे करावे. जेली ‘सेट’ होते तिथेही ‘आकार धरणे’ चालते. ती काही कडक होत नाही.

उत्तर : वादीप्रतिवादी

‘सेट असाइड’बद्दलची आपली शंका बरोबर आहे. न्यायालयाने हुकूम, निकाल किंवा निवाडा ‘सेट असाइड’ केला म्हणजे तो रद्द केला, रद्दबातल ठरवला. तो बाजूला ठेवून पुढे पाहू, असा अर्थ त्यात मुळीच नाही. पैसे किंवा वेळ ‘सेट असाइड’ केला तर तो राखून ठेवला किंवा वेगळा काढला. मतभेद ‘सेट असाइड’ केले तर तेवढ्यापुरते बाजूला सारले. तीनही ठिकाणी क्रियापद तेच आहे, पण पहिल्यात वस्तू संपते, दुसऱ्यात ती जपली जाते आणि तिसऱ्यात ती तशीच राहते व फक्त नजरेआड होते. यात सगळ्यांत धोक्याचे भाषांतर म्हणजे ‘निकाल राखून ठेवला’. कोर्टाच्या मराठीत त्याचा ठरलेला अर्थ असा की, युक्तिवाद संपले आहेत आणि निकाल नंतर जाहीर होईल. इंग्रजीत त्याला ‘रिझर्व्ह’ म्हणतात. हुकमाला स्थगिती देणे ही आणखी तिसरीच गोष्ट असून तिथे ‘स्टे’ येतो. ललित मजकुरातही ही बाब अचूक असावी, कारण कथेतल्या पात्राची सुटका झाली की नाही हे तिच्यावर ठरते.

‘सेट ऑफ’बाबतही सावध राहावे. माणूस ‘सेट ऑफ’ झाला तर तो निघाला, सुरुंग ‘सेट ऑफ’ केला तर तो उडवला, आणि निळ्या रंगाने तिचे डोळे ‘सेट ऑफ’ केले तर ते खुलून दिसले. देण्याघेण्याच्या व्यवहारात मात्र ‘सेट-ऑफ’ म्हणजे परस्पर वजावट. एकाचे दुसऱ्याकडे 100 येणे आणि त्यालाच 60 देणे असेल, तर 40 वसूल करून हिशेब मिटवणे. करारनाम्याच्या भाषांतरात या शब्दाचे ‘सुरुवात’ केलेले मी वाचले आहे आणि त्या कलमाचा अर्थ मग कोणालाच लागत नव्हता.

पानोपानी

सर्वांचे मनापासून आभार. कर्माकडे पाहण्याची युक्ती आणि ‘लावणे’ची कसोटी या दोहोंनी माझी बरीच वाक्ये मार्गी लागली. ‘आकार धरणे’ तर मी आजच एका ठिकाणी वापरले. दोन गाठी अजून उरल्या आहेत. पहिली म्हणजे, या क्रियापदाचे भूतकाळी रूपही ‘सेट’च असल्याने वाक्य रोजच्या सवयीचे आहे की एकदाच घडलेल्या प्रसंगाचे, हे मला कित्येकदा कळत नाही. दुसरी विशेषणाची आहे. ‘वुई आर ऑल सेट’ म्हणजे आम्ही तयार आहोत, आणि ‘ही इज सेट इन हिज वेज’ म्हणजे तो आपल्या सवयी सोडणारा नाही. पहिला माणूस निघायच्या बेतात आहे, दुसरा जागचा हलायला तयार नाही. एकाच विशेषणात हे दोन टोकांचे अर्थ कसे राहतात?

उत्तर : सफेदरेषा

विशेषणाचे कोडे धावण्याच्या शर्यतीत उत्तम उलगडते, असे मला वाटते. 400 मीटरपर्यंतच्या शर्यतीत ‘ऑन युवर मार्क्स’ झाल्यावर धावपटू ठोकळ्यांना पाय टेकवून बसतात. मग ‘सेट’ अशी आज्ञा होते. धावपटू कंबर उचलतात, शरीराचा भार बोटांवर येतो, आणि बंदुकीचा बार होईपर्यंत त्यांनी पूर्ण निश्चल राहायचे असते. त्या क्षणी ते सर्वांत जास्त तयार असतात आणि सर्वांत जास्त स्थिरही असतात. ही स्थिरता किती काटेकोर आहे पाहा: 2010 पासूनच्या नियमानुसार बंदुकीचा बार होण्यापूर्वी निघाल्यास पहिल्याच खेपेला धावपटू बाद होतो, आणि 2011 च्या देगू येथील जागतिक स्पर्धेत 100 मीटरच्या अंतिम शर्यतीतून खुद्द उसेन बोल्ट असा बाद झाला. त्याहून लांब शर्यतींत धावपटू उभ्यानेच सुरुवात करतात, म्हणून तिथे ‘सेट’ ही आज्ञाच नसते.

तेव्हा ‘सेट’ या विशेषणाचा गाभा ‘जागेवर आलेला’ असा धरावा. जागेवर येऊन पुढच्या क्रियेची वाट पाहणे म्हणजे तयारी, आणि जागेवर येऊन तिथेच राहणे म्हणजे ठामपणा किंवा हट्ट. कोणता अर्थ घ्यायचा ते पुढचे शब्दयोगी अव्यय सांगते. ‘सेट टू’ आले की घटना होऊ घातली आहे, ‘सेट फॉर’ आले की तयारी झाली आहे, ‘सेट ऑन’ आले की माणसाने मनाशी पक्के केले आहे, ‘सेट अगेन्स्ट’ आले की त्याचा ठाम विरोध आहे, आणि ‘सेट इन’ आले की तो मुरला आहे. आपला मुलगा घर सोडण्यावर ‘सेट’ होता म्हणजे त्याने घर सोडायचे मनाशी पक्के केले होते, किंवा बोलीत, तो हट्टालाच पेटला होता. बातम्यांच्या मथळ्यांतले ‘सेट टू’ मात्र बऱ्याचदा नुसते भविष्यकाळाचे काम करते. तिथे ‘सज्ज’ हा शब्द उगाच घालू नये. दर वाढायला ‘सज्ज’ झाले असे वाचले की मला दरांच्या हातात ढाल-तलवार दिसू लागते.

काळाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सोपे आहे. कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असेल, तर वर्तमानकाळात क्रियापदाला शेवटी ‘स’ लागलाच पाहिजे. ‘शी सेट्स द टेबल’ ही सवय. ‘शी सेट द टेबल’ हा भूतकाळच. कर्ता ‘आय’, ‘यू’, ‘वुई’ किंवा ‘दे’ असेल तर मात्र रूपावरून काहीच ठरत नाही आणि आजूबाजूच्या वाक्यांचा काळ पाहावा लागतो. ‘पुट’, ‘कट’, ‘हिट’, ‘लेट’, ‘शट’ यांचेही असेच आहे. आणखी एक आडवळण कर्मणी रचनेत आहे. ‘द टेबल वॉज सेट’ म्हणजे टेबल मांडले गेले की मांडलेले होते? इंग्रजी लेखक हे मोघम ठेवू शकतो, मराठीत आपल्याला एक बाजू घ्यावीच लागते. पात्र खोलीत शिरत असेल तर ‘मांडलेले होते’ हेच सहसा बरोबर ठरते.

उत्तर : रिक्तसंच

नामाकडे आतापर्यंत थोडे दुर्लक्ष झाले आहे, म्हणून लिहितो. गणितातला ‘सेट’ म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतला संच. संच सिद्धांताचा पाया गेऑर्ग कँटर यांच्या 1874 च्या निबंधाने घातला गेला, पण त्यांचे लेखन जर्मनमध्ये होते आणि त्यांचा शब्द ‘मेंगे’ असा होता. ‘सेट’ हे त्याचे इंग्रजी रूप नंतर रूढ झाले. गंमत अशी की, धातुपाठ यांनी सांगितल्याप्रमाणे हे नाम ‘मागोमाग येणे’ या अर्थातून निघाले, आणि गणिती संचात मागचा-पुढचा असा क्रमच नसतो. 1, 2, 3 हा संच आणि 3, 1, 2 हा संच एकच, आणि एखादा घटक दोनदा लिहिला तरी तो एकदाच धरतात. पायथॉनसारख्या संगणकभाषांतला ‘सेट’ही तसाच वागतो. त्याच क्षेत्रात ‘बिट सेट आहे’ म्हणजे त्याची किंमत 1 आहे आणि ‘क्लिअर आहे’ म्हणजे 0 आहे; हा मात्र क्रियापदाकडचा अर्थ. एकाच परिच्छेदात दोन्ही अर्थ आले तर पहिल्याला ‘संच’ म्हणावे आणि दुसऱ्याला ‘सेट’च राहू द्यावे, म्हणजे वाचकाचा गोंधळ होत नाही.

व्यवहारात मात्र ‘संच’ सगळीकडे चालत नाही. कपबश्यांचा संच ठीक आहे, पण किल्ल्यांचा जुडगा म्हणावा, दागिन्यांचा सेटच म्हणावा, आणि ‘द स्मार्ट सेट’सारख्या प्रयोगात माणसांचा गोतावळा किंवा कंपू म्हणावा. टेनिसमधल्या ‘सेट’ला आपण हात लावलेला नाही हे उत्तम झाले. त्यात किमान दोन गेमच्या आघाडीने सहा गेम जिंकायचे असतात आणि 6-6 झाल्यावर आता टायब्रेक होतो, पण पूर्वी विम्बल्डनला निर्णायक सेटमध्ये टायब्रेक नव्हता. त्यामुळे 2010 मध्ये जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा पाचवा सेट 70-68 असा संपला, आणि तो सामना तीन दिवसांत मिळून 11 तास 5 मिनिटे चालला.

उत्तर : जुनाखिळा

वरच्या उत्तराने मराठीत रुळलेल्या ‘सेट’चा विषय काढलाच आहे, तर एक सूचना करतो. ‘पासवर्ड सेट करणे’ किंवा ‘केस सेट करणे’ हे प्रयोग आता मराठीच झाले आहेत आणि संवादांत ते बिनधास्त वापरावेत. ‘गजर सेट करणे’ मात्र टाळावे, कारण ‘गजर लावणे’ जिवंत आहे. ‘सेटिंग’पासून कटाक्षाने दूर राहावे. मराठीत ‘सेटिंग लावणे’ म्हणजे आतून संधान बांधणे, आणि हा अर्थ इंग्रजी शब्दाला नाही. त्या गोष्टीसाठी इंग्रजीत ‘फिक्सिंग’ किंवा ‘सेट अप’ येते, आणि ‘सेट अप’मध्येही दोन बाजू आहेत: संस्था ‘सेट अप’ केली तर ती उभारली, माणसाला ‘सेट अप’ केले तर त्याला गोवले. कादंबरीच्या ‘सेटिंग’ला समीक्षेत ‘पार्श्वभूमी’ म्हणण्याची पद्धत आहे, पण ‘पार्श्वभूमी’ने स्थळकाळ मागच्या पडद्यासारखा दूर जातो. ‘द नॉव्हेल इज सेट इन अ पोर्ट’ असे वाक्य आले, तर ‘कादंबरी एका बंदरात घडते’ एवढेच लिहावे.